जिद्द, ईर्षा आणि शर्थ

मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडच्या तीरावर मीरा-भाईंदर हें शहर वसलें आहे. १९८५ सालीं येथें नगरपालिका झाली आणि २००२ सालीं महानगरपालिका. मिठागरें, कोळीवाडे आणि भाताचीं शेतें यांच्या जागीं पाहतां पाहतां चाळी उठल्या, मग इमारती उठल्या. मूळच्या आगरी, कोळी आणि ख्रिस्ती वस्तीच्या शेजारीं कोंकणांतून व देशावरून आलेलीं मराठी कुटुंबें, गुजराती व मारवाडी व्यापारी, उत्तर हिंदुस्थानांतून आलेले हिंदी भाषिक असा मोठा मेळा येथें जमला आहे. एकाच जिन्यावर चार चार भाषा नांदतात. अशा ठिकाणीं शब्दांची एक मौज पाहावयास सांपडते. मराठी शिक्षक एखाद्या मुलाच्या प्रगतिपुस्तकांत ‘मुलगा जिद्दी आहे’ असा शेरा लिहितो, तेव्हां तो त्या मुलाची पाठ थोपटीत असतो. तोच शेरा हिंदी बोलणाऱ्या घरीं गेला म्हणजे आईबाप चिंतेंत पडतात. आपला मुलगा हट्टी, ऐकत नाहीं, अशी गुरुजींची तक्रार आली, असा त्याचा अर्थ तेथें होतो. शब्द एकच, एका घरीं तें बक्षीस, दुसऱ्या घरीं ती फिर्याद.

हा शब्द मूळचा अरबी. विरुद्ध, उलट, प्रतिपक्षी असा त्याचा मूळ अर्थ. फारसीच्या वाटेनें तो हिंदुस्थानी भाषांत आला आणि येतांना ‘विरुद्ध जाणें’ एवढेंच बीज बरोबर घेऊन आला. आतां विरुद्ध जावयाचें तें कोणाच्या, हा प्रश्न प्रत्येक भाषेनें आपापल्या परीनें सोडविला. हिंदीनें ठरविलें, वडीलधाऱ्यांच्या व शहाण्यांच्या विरुद्ध. म्हणून तिच्या ज़िदला हटवादीपणाची कडवट चव आली. मराठींत हा शब्द प्रतिकूल परिस्थितीच्या विरुद्ध उभा राहिला. घरीं दिवा नसतां रस्त्यावरच्या दिव्याखालीं अभ्यास करणारा मुलगा जिद्दीचा; मोडलेला संसार पुन्हां उभा करणारी बाई जिद्दीची. ही निवड कोणा पंडितानें सभा भरवून केलेली नाहीं. पिढ्यान् पिढ्या माणसें जें बोलत आलीं त्यांतून ती आपोआप झाली, आणि म्हणूनच ती त्या माणसांविषयीं कांहीं सांगून जाते.

दुसरा तसाच शब्द ईर्षा. संस्कृतांत ईर्ष्या म्हणजे मत्सर. दुसऱ्याचा उत्कर्ष न सोसणें. हिंदींत आजहि तोच अर्थ आहे. मराठी माणूस मात्र ‘दोन्ही संघ ईर्षेनें खेळले’ असें म्हणतो आणि त्यांत त्याला कांहीं गैर वाटत नाहीं. या शब्दाचें विष मराठींत बरेंच उतरलें आहे. याचें एक कारण असें दिसतें कीं, दुसऱ्याच्या भाग्यानें होणाऱ्या जळफळाटासाठीं मराठीजवळ अगोदरच पुरेसे शब्द होते. त्याच्याजवळ आहे तें आपल्याजवळहि असावें असें वाटणें हा हेवा. आणि हा तर इतका सौम्य कीं ‘हेवा वाटावा असें अक्षर’ ही शुद्ध स्तुति होते. आपल्याला मिळो न मिळो, त्याला मिळूं नये, हा मत्सर. त्याच्या गुणांतच दोष उकरून काढणें ही असूया. संस्कृत शास्त्रकारांनीं तिची व्याख्याहि अशीच केली आहे. इतकीं घरें भरलेलीं असतांना ईर्षेला नवीन बिऱ्हाड शोधणें भाग पडलें. ‘त्यानें केलें, मग मीहि करून दाखवीन,’ या भावनेंत तिनें तें थाटलें. इरेस पेटणें, ईर लागणें या प्रयोगांतील शब्दहि तिच्याच गोत्रांतला दिसतो. मात्र इरेस पेटलेला माणूस ईर्षेनें खेळणाऱ्यापेक्षां एक पायरी पुढें गेलेला असतो, तेथें विवेक मागें राहिलेला असतो.

ग्रीक कवि हेसिअड यानें सुमारें सत्तावीसशें वर्षांपूर्वीं हाच भेद फार मार्मिकपणें मांडला. कलहाची देवता एक नसून दोन आहेत, असें त्यानें सांगितलें. एक माणसांना लढावयास लावते; ती घातकी. दुसरी शेजाऱ्याचें भरलेलें कोठार पाहून आळशालाहि नांगर धरावयास लावते, ती हितकारक. त्या देवतेचें ग्रीक नांव एरिस. मराठी ईर्षेशीं त्याचें ध्वनिसाम्य आहे, परंतु केवळ तेवढ्यावरून नातें जोडूं नये. अशा साम्यांनीं व्युत्पत्तीच्या नादीं लागलेल्या पुष्कळांना चकविलें आहे.

या शब्दांचे अर्थ कोशांत वाचण्यापेक्षां एखाद्या घटनेंत पाहावे. मीरा-भाईंदरच्या हद्दींतच अशा घटनेची जागा आहे. भाईंदरच्या पश्चिमेस, उत्तनकडे जातांना, चौक या गांवाजवळच्या टेकडीवर धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. मुंबईंतील धारावीशीं याचा संबंध नाहीं. ही टेकडी वसईच्या खाडीच्या मुखाशीं आहे. समोर पैलतीरावर वसईचा कोट. वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर कोंकणांतील सत्तेची राजधानी होती, आणि समुद्रांतून तिला येणारी कुमक खाडीच्या तोंडांतून येई. तेव्हां धारावी ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं वसईचा गळा.

वसईची मोहीम १७३७ ते १७३९ अशी चालली, पण तिच्यामागची खटपट कितीतरी जुनी. साष्टी व वसई प्रांतांतील हिंदु प्रजेवर पोर्तुगीज अमलांत धर्माच्या बाबतींत जुलूम होत असे. अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधु यांनीं या प्रांताच्या सुटकेसाठीं वर्षानुवर्षें पेशव्यांकडे खेपा घातल्या, माहिती पुरविली, माणसें जमविलीं. साष्टीच्या बखरींत त्याची हकीकत आहे. नाईकांच्या या कामाला जिद्द म्हणण्यापेक्षां चिकाटी म्हणणें अधिक बरोबर. चिकाटी हा शब्द चिकटण्यावरून आला. फणसाचा चीक हाताला लागला म्हणजे पाण्यानें जात नाहीं. तसा जो कामाला लागला तो निघत नाहीं. चिकाटींत जोश नसतो, आवाज नसतो, बहुधा पोवाडाहि नसतो. जिद्दीची गोष्ट सांगावयास लोक पुढें येतात, चिकाटीच्या वांट्याला सहसा बखरींतलीं चार पानें येतात.

१७३७ च्या मार्चांत ठाण्याचा कोट मराठ्यांनीं घेतला आणि साष्टी ताब्यांत आली. वसई मात्र हटेना. १७३९ च्या आरंभीं चिमाजी आप्पा स्वतः वेढ्यावर आले. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार या मोहिमेंत होते. धारावी घेतली गेली, खाडीचें तोंड मिटलें, आणि वसई एकाकी पडली. तरी कोट तीन बाजूंनीं पाण्यानें व दलदलीनें वेढलेला. मारा करावयाचा तो एका अंगानें. आंतले लोकहि कच्चे नव्हते. महिन्यामागून महिने तोफा चालल्या, मोर्चे पुढें सरकले, तटाखालीं सुरुंग खणले गेले. पावसाळा तोंडावर आला. तो एकदां सुरू झाला कीं वेढा उठविण्यांवांचून गत्यंतर नव्हतें. याच वेळची ती प्रसिद्ध कथा. किल्ला हातीं येत नसेल तर निदान आपलें मस्तक तोफेच्या तोंडीं देऊन आंत पाडावें, असें आप्पांनीं सरदारांस सांगितलें, अशी परंपरा आहे.

पुढें जें झालें त्यांत या विषयांतील आणखी एका शब्दाचें मर्म आहे. सुरुंग उडून तट ढासळतांच लोक खिंडारांत घुसूं लागले, आणि मागाहून उडालेल्या सुरुंगांत आपलेच कित्येक लोक गाडले गेले. संस्कृतांत याला एक सुंदर शब्द आहे, अहमहमिका. ‘अहम् अहम्’, म्हणजे ‘मी, मी’, यावरून तो बनला. मी आधीं कीं तूं आधीं, या चढाओढीचें इतकें हुबेहूब चित्र दुसऱ्या शब्दांत नाहीं. उच्चारतांनाच ढकलाढकली ऐकूं येते. मराठी व्याख्यानांत तो कौतुकानें वापरला जातो, ‘देणगी देण्यासाठीं अहमहमिका लागली’ असा. वसईच्या तटाशीं तिची किंमत काय पडते तें दिसलें.

१७३९ च्या मे महिन्यांत वसईनें शरणागति लिहून दिली. मराठ्यांकडील मेलेल्या व जखमी झालेल्यांचा आंकडा पांच हजारांवर आणि पोर्तुगीजांचा आठशें, असें ग्रँट डफनें नमूद केलें आहे. इतक्या मोलानें मिळालेला विजय; परंतु तहांत पोर्तुगीज शिबंदीला आपल्या सन्मानानें, शस्त्रांसह व कुटुंबांसह बाहेर पडूं दिलें गेलें. सूड उगवला गेला नाहीं. आजच्या बोलींत ज्याला खुन्नस म्हणतात ती गोष्ट आणि जिद्द यांच्यांतील अंतर येथें मोजतां येतें. जिद्दीला ठरलेलें काम पुरें झालें म्हणजे थांबतां येतें. खुन्नस थांबत नाहीं, कारण तिला काम नसतेंच. तिला माणूस हवा असतो.

एखादें काम पुरें करण्याला मराठींत तडीस नेणें म्हणतात. तड म्हणजे तट, पाण्याचा कांठ. नाव मधेंच न सोडतां पैलतीराला लावणें, हा मूळचा अर्थ. खाडीवर राहणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नाहीं.

आप्पांच्या त्या कथेंत जी गोष्ट डावाला लागली तें त्यांचें स्वतःचें मस्तक. निश्चयाचे मराठी शब्द पाहूं लागलें म्हणजे त्यांतले कितीतरी असे डावावरून, जुगारावरून आलेले आढळतात. ‘पण करणें’ म्हणजे प्रतिज्ञा करणें. पण संस्कृत पण म्हणजे द्यूतांत लावलेली वस्तु. धर्मराजानें जें सर्वस्व लावलें तो त्याचा पण. (‘परंतु’ या अर्थाचा ‘पण’ निराळ्या कुळांतला, पुष्कळांचे पण त्याच पणानें अडतात, हा केवळ योगायोग.) पैज हा शब्द याच्या उलट दिशेनें गेला. तो संस्कृत प्रतिज्ञेचें प्राकृतांतून घासून आलेलें रूप; म्हणजे मूळचें गंभीर वचन, आणि आज पोरांची आठ आण्यांची होड. ज्ञानेश्वरांच्या काळीं, म्हणजे शके १२१२ च्या सुमारास, त्याचें तेज कायम होतें. मराठी बोल अमृताला जिंकतील असा अभिमान त्यांनीं व्यक्त केला, तो हाच शब्द योजून. मराठीच्या पहिल्या थोर ग्रंथांत मराठीच पैजेला उभी आहे, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

शर्थ हा या कुळांतला सर्वांत तेजस्वी शब्द. अरबींत शर्त म्हणजे अट, करार. अटीवरून पैज हा अर्थ आला, आणि पैज जिंकण्यासाठीं जें करावें लागतें तें, म्हणजे पराकाष्ठेचा प्रयत्न, हा अर्थ मराठीनें दिला. हिंदींत शर्त लावतात. मराठींत शर्थ करतात. १६६० सालीं पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या महाराजांची पाठ राखण्यासाठीं बाजीप्रभूंनीं घोडखिंडींत जें केलें, त्याला मराठींत एकच क्रियापद शोभतें: शर्थ केली. त्यांना तेथें जिंकावयाचें नव्हतें; वेळ काढावयाचा होता. म्हणून ती ईर्षा नव्हे. शर्थीचें वैशिष्ट्य असें कीं ती हरलेल्यालाहि लावतां येते. डॉक्टरांनीं शर्थ केली असें म्हटलें कीं पुढचें वाक्य ऐकणारा ओळखतो.

विडा उचलणें हा प्रयोगहि दरबारी डावाचा. अवघड कामगिरीसाठीं भर दरबारांत तबकांत विडा ठेवावयाचा. जो उचलील त्यानें ती पतकरली. १६५९ सालीं विजापुरास अफजलखानानें असाच विडा उचलल्याचें परंपरा सांगते. ही रीत आतां मोडली, विडाहि जेवणानंतरचा उरला, पण म्हण टिकली. कंबर कसणें, पदर खोचणें, दंड थोपटणें, शड्डू ठोकणें हे शरीराचे प्रयोग. यांतला पदर खोचण्याचा तेवढा बायकांचा, आणि तो कोणाहि पुरुषी प्रयोगापेक्षां अधिक वेळां खरा ठरतो. जिगर म्हणजे फारसींत यकृत. जिगरबाज हा मराठीला आवडलेला शब्द. फिनलंडच्या लोकांजवळ ‘सिसु’ म्हणून याच जातीचा शब्द आहे. त्याचें मूळहि शरीराच्या आंतल्या भागाशीं जडलेलें आहे. १९३९-४० च्या हिंवाळ्यांत बलाढ्य रशियाशीं ते लोक लढले तेव्हां तो जगभर झाला. निश्चय डोक्यांत राहत नाहीं, पोटांत राहतो, याविषयीं सह्याद्रि आणि ध्रुवप्रदेश यांचें एकमत दिसतें.

चुरस मात्र एकट्यानें होत नाहीं. जिद्द एकटा माणूस एका खोलींत बाळगूं शकतो. चुरशीला समोर कोणी तरी तुल्यबळ लागतो. याचें एक विलक्षण उदाहरण १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास घडलें. रणजी करंडकाच्या सामन्यांत काठेवाडाविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ धावांवर खेळत होते. पहिल्या दर्जाच्या सामन्यांत त्या वेळचा उच्चांक ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. आणखी दहा धावा झाल्या असत्या तर तो मोडला असता. उपाहाराची सुट्टी झाली, आणि काठेवाडच्या कप्तानानें पुढें खेळण्याचेंच नाकारलें. संघ मैदान सोडून गेला. ब्रॅडमनला गांठण्याची निंबाळकरांची जिद्द शाबूत होती, अंगांत बळ होतें. पण समोरच्यानें चुरस काढून घेतली. ती धांवसंख्या तेथेंच गोठली. पुढें अधिकृत कसोटी सामन्यांत खेळण्याचा योगहि त्यांना आला नाहीं. प्रतिस्पर्धी हा केवळ अडथळा नसून आपल्या पराक्रमाचा भागीदार असतो, हें चुरस या शब्दांत गृहीतच आहे.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचें उदाहरण दुसऱ्या टोकाचें. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें ते सहावे आले. लाल मातींत वाढलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती नवखी होती. चार वर्षें त्यांनीं ती आत्मसात करण्यांत घालविलीं. १९५२ सालीं हेलसिंकीला जाण्यासाठीं पैसा नव्हता; गांवोगांव वर्गणी जमली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं तेथें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें वैयक्तिक स्पर्धेंतील तें पहिलें ऑलिंपिक पदक. यांत जिद्द खाशाबांची. पण घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्यांच्या वृत्तीला काय म्हणावें? त्यांना कोणाशींहि स्पर्धा नव्हती, मिळावयाचें कांहीं नव्हतें. त्यासाठीं हिंमत हा शब्द त्यांतल्या त्यांत जवळचा. अरबींत त्याचा अर्थ उच्च आकांक्षा, मनाचा मोठा संकल्प असा आहे. मराठींत तो धैर्यापुरता आक्रसला आहे.

हे सर्व भेद आतां पुसट होत चालले आहेत. स्पर्धा या एकाच शब्दानें बाकीच्यांना बाजूस सारलें. स्पर्धा परीक्षा, स्पर्धेचें युग, स्पर्धेंत टिकणें. सकाळीं भाईंदरच्या फलाटावर चर्चगेटच्या गाडींत जागा धरण्यासाठीं जी झुंबड उडते तीहि स्पर्धा, आणि बारावीच्या वर्गांतला पहिला नंबरहि स्पर्धा. एका शब्दानें सगळें तोलूं लागलें म्हणजे मुलाला नेमकें काय द्यावयाचें हें पालकांच्याहि लक्षांत येईनासें होतें. शेजारच्या मुलाचे गुण सांगून जी जागविली जाते ती ईर्षा. ती थोडीशी हवी, पण शेजारीण बिऱ्हाड बदलून गेली कीं ती संपते. आणि ज्याला आईबाप मुलाची जिद्द म्हणून मिरवितात तो पुष्कळदां त्यांचा स्वतःचा हट्ट असतो. हट्टाचे बालहट्ट, स्त्रीहट्ट, राजहट्ट असे तीन प्रकार म्हणींनीं सांगितले. पालकहट्टाची भर कोणी घातली नाहीं, बहुधा म्हणी करणारे स्वतःच पालक असल्यामुळें.

हट्ट आणि जिद्द ओळखण्याची एक साधी कसोटी बोलण्यांतच आहे. हट्ट धरतात, घेतात, आणि तो दुसऱ्यानें पुरवावयाचा असतो. ‘हट्ट पुरविला’ असें म्हणतात, ‘जिद्द पुरविली’ असें कोणी म्हणत नाहीं. हेका त्याहून खालचा. त्याला पुरवून घेण्याचीहि इच्छा नसते, नुसतें चालू राहावयाचें असतें. मग नेट हा एक आडवळणी, घरगुती शब्द उरतो. रुतलेल्या गाडीच्या चाकाला जो लावतात तो नेट. खांदा देऊन, दम धरून, हळूहळू. परीक्षेच्या आदल्या महिन्यांत मुलाला ‘जिंकून ये’ असें न सांगतां ‘जरा नेट लाव’ असें सांगणारीं माणसें पूर्वीं प्रत्येक घरांत असत. वसईच्या खाडीकांठच्या इमारतींतहि तीं अजून अधूनमधून सांपडतात.